जुना वाडा पाडण्याआधी सावंतवाडीचा राजवाडा बघा

१९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ओरोसला सिंधुदुर्गनगरी नव्यानं बांधावी लागली. पण जिथे चिऱ्याची दणकट वास्तू आधीच उभी आहे, तिथे ती पाडून सिमेंटची बांधणं मला पटत नाही. जगातल्या कार्बन उत्सर्जनाचा सुमारे सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, आणि नवा चिरा म्हणजे आणखी एक डोंगर पोखरणं. सावंतवाडीच्या राजवाड्यानं वेगळी वाट दाखवली. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा या हातानं रंगवलेल्या पत्त्यांना आणि लाखकामाला तिथे आसरा दिला, दरबारात कारागीर रंगवायला बसले. आता आवारात हॉटेलही आहे.

कुणी म्हणेल, जुन्या घराची डागडुजी परवडत नाही. खर्च येतो, हे खरंच; पण तो वाढतो घर बंद राहिल्यामुळे. कोकणच्या पावसात एक फुटकं कौल वेळेत बदललं नाही, तर वासे कुजतात. वावर असलेल्या घरात ते लगेच दिसतं. मात्र दुरुस्ती चुन्यानंच करावी, कारण सिमेंटच्या गिलाव्यामुळे सच्छिद्र चिऱ्यातली ओल आतच कोंडते. आणि प्रत्येक वाड्याचं हॉटेलच व्हायला हवं असंही नाही. वाचनालय, बालवाडी, काजूप्रक्रिया करणाऱ्या बचतगटाची जागा, यांतलं काहीही चालेल.