चष्म्याचा कागद आणि चष्म्याचे दुकान

चष्मे विकण्याचा व्यवसाय ब्रिटनमध्ये जुना आणि सनदी. लंडनच्या चष्मेकारांच्या संघास पहिल्या चार्ल्स राजाने 1629 मध्ये सनद दिली होती. तथापि नंबर काढणे व त्या नंबराचा चष्मा विकणे ही दोन कामे एकाच हाती असावीत किंवा कसे, हा वाद खरा पेटला तो विसाव्या शतकात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी गरिबाला तो प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. वूलवर्थच्या दुकानी मांडलेल्या ढिगातून एकेक चाळिशी नाकावर चढवावी, छापील अक्षरे जिच्यातून बरी दिसतील ती उचलावी, आणि दोन डोळ्यांचे नंबर निराळे असल्यास ते निमूट सोसावे, अशी रीत होती.

5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवेचा अंमल सुरू होऊन तपासणी व चष्मा दोन्ही विनामूल्य मिळू लागताच, वर्षानुवर्षे दडपलेली गरज अशी उसळली की सरकारी अंदाज कोसळले; आणि 1951 मध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्मे व कवळ्यांवर आकार बसविताच, ही सेवा उभारणाऱ्या बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. 1958 च्या कायद्याने व्यावसायिकांची नोंदवही व तिच्यावर देखरेख करणारी परिषद निर्माण झाली, आणि विक्रीचा मक्ता बहुतांशी नोंदणीकृतांकडे गेला.

तो मक्ता 1984 मध्ये थॅचर सरकारने मोडला. तपासणी होताच नंबराचा लेखी कागद रुग्णाच्या हाती द्यावा, हे 1989 च्या नियमांनी बंधनकारक केले. तो घेऊन रुग्णाने हव्या त्या दुकानी जावे. व्यावसायिक मार्गदर्शनाचा पुढे जो विस्तार झाला, त्याचे मूळ या मोकळिकीत आहे: क्षुल्लक फरकासाठी नवा चष्मा सुचवू नये, सुचविल्यास प्रयोजन सांगावे, खरेदीची सक्ती करू नये. तपासणाराच विक्रेताही असतो तेथे असे बजावावे लागणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

मला मात्र या व्यवस्थेतील एक सांधा कच्चा वाटतो. दोन बाहुल्यांमधील अंतर त्या कागदावर लिहिण्याचे बंधन नाही, कारण ते माप चष्मा बनविणाऱ्याचे मानले जाते. आणि सहा डायॉप्टरच्या काचेचा मध्य बाहुलीपासून अवघा अर्धा सेंटिमीटर ढळला, तरी तीन प्रिझम डायॉप्टरचा अनाहूत परिणाम डोळ्यांवर येतो. मग डोके दुखू लागलेला गृहस्थ दुकानदाराकडे जातो, दुकानदार काचा कागदाबरहुकूम असल्याचे दाखवितो, आणि तपासनीस म्हणतो की माप माझे नव्हतेच. सोळा वर्षांखालील मुले आणि अंध वा अंशतः अंध म्हणून नोंद झालेल्या व्यक्ती यांचे चष्मे मात्र नोंदणीकृत व्यावसायिकाच्या देखरेखीखालीच द्यावेत, हे बंधन कायद्याने मोकळिकीनंतरही उठविले नाही. म्हणजे ज्याला आपली तक्रार नीट मांडता येत नाही त्याच्याबाबत बाजारावर विसंबू नये, एवढी सावधगिरी त्या उदार सरकारनेही बाळगली होती.