सायलोच्या माथ्यावर अँटेना

अमेरिकेतल्या आयोवासारख्या सपाट मक्याच्या मुलुखात शेतावरची सर्वांत उंच जागा बहुधा मुरघास साठवायचा मनोरा, म्हणजे सायलोच असते. बिनतारी इंटरनेटला तीच लागते. दोन अँटेनांच्या मधे झाडं आली की सिग्नल ढासळतो.

काँक्रीटच्या फळ्यांचा सायलो बाहेरून पोलादी कड्यांनी आवळलेला असतो. अँटेना बसवताना ती कडी सैल करू नयेत, फळ्यांत मनमानी भोकंही पाडू नयेत. हार्वेस्टोर ब्रँडच्या निळ्या सायलोत पोलादावर काचेचा थर असतो. ड्रिलने तो तडकतो, पोलाद गंजतं, हवाबंदपणा जातो. तिथे भोक न पाडता पकडणारा क्लॅम्पच हवा. खांबाला आणि केबलला अर्थिंग, चढणाऱ्याला सुरक्षा पट्टा: यात तडजोड नाही.

सायलोत मुरघास भरल्यावर अँटेनाचं काम किमान तीन आठवडे पुढे ढकला. आंबणाऱ्या चाऱ्यातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड जीव घेतो.