दोनात तीन

लातूरचा रोजा नांदेडच्या रोज्यानंतर साधारण तीन मिनिटांनी सुटतो. मुंबईकरांना त्याहून आणखी पंधरा मिनिटं थांबावं लागतं. पूर्वेकडच्या गावाचा सूर्य आधी मावळतो, एवढाच यातला हिशेब. पण लातूरच्या मित्राला नेमका त्या तीन मिनिटांत फोन करून "आमची खजूर खाऊन झाली, तुमचं काय?" असं विचारण्यात जी मजा आहे, ती पंचांगात सापडायची नाही.

मगरिबच्या आधी फळांच्या गाड्यांवर झुंबड असते. अजान झाली की रस्ता एकदम रिकामा होतो. मग जेवण, थोडं लवंडणं, इशाची नमाज आणि तिच्यानंतरची तरावीह. दहाच्या सुमारास मशिदींतून माणसं बाहेर पडतात आणि नांदेडात देगलूर नाका, इतवारा भागात, लातुरात गंजगोलाईच्या आसपासच्या गल्ल्यांत हॉटेलांची बाकडी फुटपाथवर येतात. आपल्याकडं हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे, हे बाहेरगावच्या पाहुण्याला दरवेळी समजावून सांगावं लागतं. एक भट्टी, चार टेबलं, काउंटरवर काचेच्या बरण्या आणि "काय चाललंय?" विचारणारा मालक, एवढं असलं की झालं हॉटेल.

दिवसा याच हॉटेलांना पडदा लागलेला असतो. रमजानमध्ये मुस्लिम मोहल्ल्यातली बरीचशी हॉटेलं बंद असतात. जी उघडी असतात ती दारावर चादर किंवा तरटाचा पडदा सोडतात. अनेक हिंदू मित्रांना वाटतं, आत जायला मनाई आहे. तसं काही नाही. प्रवासी आणि आजारी माणसाला रोज्यातून सूट कुराणानंच दिली आहे. राहिलेले रोजे त्यानं नंतर पुरे करायचे. शिवाय कोर्टाच्या तारखेला तालुक्याहून आलेला माणूस असतो, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले असतात, रोजा न ठेवणारेही असतात. त्यांनाही भूक लागते. पडदा हा खाणाऱ्याची लाज राखण्यासाठी आणि उपाशी माणसाच्या नाकाला त्रास होऊ नये म्हणून असतो. कोण आत गेलं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी विचारत नाही. मोहल्ल्यातला हा शहाणपणा मला आवडतो.

रात्री पडदा गुंडाळला जातो आणि खरी हैदराबादी चव बाहेर येते. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. रेल्वेची आपली जुनी वाटही हैदराबादलाच जाते. त्यामुळं नांदेडकराच्या जिभेला पुण्याच्या मिसळीआधी तिकडचा इराणी चहा माहीत झाला. या चहाचं गुपित एवढंच, की चहाचं पाणी झाकण लावून मंद आचेवर वेगळं मुरतं, दूध आटत वेगळं ठेवतात आणि दोघांची गाठ कपातच पडते. सोबत गोड-खारं उस्मानिया बिस्किट. मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामाचं हे नाव. त्याचंच नाव लावलेली नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली, उस्मानाबादचं धाराशिव झालं. बशीतलं बिस्किट मात्र अजून जुन्याच नावानं मागवलं जातं, आणि ते चहात बुडवताना कोणालाही इतिहास आठवत नाही.

हलीमचं प्रकरण वेगळं. भिजवलेला गहू, डाळी आणि मटण एका देगमध्ये सकाळीच भट्टीवर चढतं. आठ-दहा तास मंद आच आणि लाकडी घोटण्यानं सतत घोटाई. संध्याकाळपर्यंत गहू कुठला आणि मटण कुठलं हे ओळखू येत नाही. वर तूप, तळलेला कांदा, पुदिना, लिंबू. मूळ पदार्थ अरबांचा हरीस. निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांबरोबर तो दख्खनला आला. त्यांचे वंशज चाऊस आजही नांदेड-परभणीकडं आहेत आणि फक्कड मराठी बोलतात. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या नाक्यावरच्या हलीमला कसलंही मानांकन नाही. रांग तेवढी असते.

या रांगेत आता फक्त टोपीवालेच असतात असं नाही. वजिराबादचा कापड दुकानदार, क्लासला आलेली पोरं, बँकेतले साहेब, सगळे दिसतात. ते हलीमसाठी येतात हे खरं, पण निम्मे तरी मित्रासाठी येतात. इथं मला एक गोष्ट नेहमी जाणवत आली आहे. आमच्या शहरांत हिंदू-मुस्लिम मैत्र्या घरात कमी आणि हॉटेलात जास्त वाढल्या.

घरी बोलावणं म्हटलं की खूप गोष्टी सांभाळाव्या लागतात. मित्राची आजी सोवळ्यातली, तिला कसं वाटेल? आमच्याकडं तो आला तर भांडी कुठली काढायची, भाजी करायची की बिर्याणी, तो मनापासून खातोय की भिडेखातर? अम्मी दारामागून चारदा विचारणार, "कुछ तो भी खाओ बेटा." घरी यजमान असतो आणि पाहुणा असतो, दोघंही थोडे अवघडलेले. हॉटेलात मात्र कोणीच कोणाचा पाहुणा नसतो. तुझी डिश तू सांग, माझी मी सांगतो. खायचं नसेल तर चहा घे, चहाही नको तर बस नुसता. खिशात पैसे कमी असले की "दोनात तीन" अशी ऑर्डर जायची. दोन चहा, तीन कप. तिसऱ्या कपात कोणाचा किती चहा गेला याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भाषेचंही तसंच झालं. आम्ही दखनीत "नक्को" म्हणतो तो मराठीचाच "नको", आणि तुम्ही ज्या खुर्चीवर बसून तो नकार देता, ती फारसीतून आलेली.

हे टेबल पूर्वापार सगळ्यांचं होतं असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. कित्येक हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी असायची, पिणाऱ्यानं ती स्वतः धुवून ठेवायची. आणि बोट फक्त दुसऱ्यांकडं दाखवून चालणार नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले. प्रवासाची धूळ उतरवायला त्यांनी तिथल्या हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटवलं म्हणून अंगावर धावून येणारे मुसलमान होते. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या धर्मात एका ताटात जेवायची रीत आहे, त्याच्या माणसांनी हे केलं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा उल्लेख नाव घेऊन आहे, तो उगाच नाही. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांच्या वापराचाही हक्क लिहिला आहे. आज आपण निवांत एका टेबलावर बसतो, ते टेबल कायद्यानं मांडून दिलं आहे.

पंगतीचं शिक्षण या भागाला तसं नवं नव्हतं. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला कोणीही जाऊन बसावं, जात-धर्म विचारत नाहीत. कित्येक मुस्लिम पोरांनी दुपारची भूक तिथं भागवली आहे. लातूरकडं वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसीला, अख्खं गाव शेतात जातं. भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली अंबील खायला मुस्लिम मित्राला आग्रहानं नेलं जातं. डाळी, शेंगा, पालेभाज्या एकत्र शिजवलेली ती भज्जी खाताना मला दरवेळी हलीम आठवतं. गंजगोलाईचीच गोष्ट घ्या. १९१७ ची ही गोल इमारत, आराखडा फैयाजुद्दीन यांचा, मधोमध जगदंबेचं मंदिर, आणि तिच्याकडं येणारे सोळा रस्ते. नकाशा काढणाऱ्याच्या मनात काही मोठा विचार होता की नाही, देव जाणे. पण या सोळा रस्त्यांनी आलेले हमाल, अडते, शेतकरी शेवटी चहाला एकाच बाकावर टेकतात.

२०१० ते २०१२ ही तीन वर्षं आठवतात का? तेव्हा रमजान आणि श्रावण जवळजवळ सोबतच आले होते. २०१० ला तर ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी, ११ सप्टेंबरला. त्या महिन्यात आमच्या टेबलाचे हाल बघण्यासारखे होते. दिवसभर मी उपाशी, सोमवारी दुसरा उपाशी, शनिवारी तिसरा. मटण दोघांना वर्ज्य, कांदा-लसूण एकाला. संध्याकाळी अजान झाली की मी खजूर, केळी, पपई खायचो आणि सोमवारवाला तीच केळी, तीच पपई, वर शेंगदाणे. "तुमचं बरं आहे, साबुदाणा तरी चालतो दिवसा," मी म्हणायचो. "आणि तुमचं बरं आहे, रात्री बिर्याणी," तो म्हणायचा. हॉटेलमालक वैतागून गेला होता. पाच माणसं तासभर बसतात आणि बिल फक्त चहाचं.

त्या पाचांतली एक खुर्ची गेल्या काही वर्षांपासून रिकामी आहे. भांडण झालं नाही. शब्दाला शब्द लागला नाही. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एक मेसेज आला, मग त्याला उत्तर, मग दोन दिवस शांतता, मग कोणी तरी ग्रुप सोडला. दुसऱ्या आठवड्यात तो चहाला आला नाही. काम असेल, असं आम्ही म्हटलं. ईदला त्याचा फोन येतो, दिवाळीला माझा जातो. मुलांच्या मार्कांची चौकशी होते, बीपीच्या गोळ्यांची होते, आणि फोन संपतो. घरी बोलावलं तर तो येईलही. यजमान-पाहुण्याचं नातं निभावणं सोपं असतं. पण "चल, बस, दोनात तीन सांग" हे म्हणायचं धाडस आता दोघांनाही होत नाही. असं एक टेबल तुमच्याही ओळखीत असेल.

म्हणून मला मोठ्या इफ्तार पार्ट्यांचं फारसं अप्रूप नाही. हॉल, बॅनर, रुमाल डोक्याला बांधलेले पाहुणे, एकमेकांच्या तोंडात खजूर आणि कॅमेरा. हेतू चांगला असेलही. पण तिथं शेजारी कोण बसणार हे आयोजक ठरवतो, आणि शेजाऱ्याचं नाव घरी जाईपर्यंत विसरलेलं असतं. हॉटेलात शेजारी आपण निवडतो आणि त्याची कुरकुर रोज ऐकतो.

आणखी एक खोट सांगायला हवी. हे सगळं टेबल बरीच वर्षं पुरुषांचंच होतं. इफ्तारची भजी, दहीवडे, चण्याची डाळ करणारी बाई आपला रोजा चुलीपुढंच सोडते आणि आम्ही रात्री मित्रांत बसून वर तिच्याच सहरीची वाट बघतो. आता थोडं बदललं आहे. नीटच्या तयारीसाठी नांदेड-लातुरात हजारो मुली राहतात. मेस, क्लास, रूम, एवढंच त्यांचं जग. पण क्लासच्या रस्त्यांवरच्या कॅफेंत त्यांची टेबलं दिसतात. परवा अशाच एका टेबलावर चार जणी होत्या. तिघींनी समोर सँडविच ठेवून घेतलं होतं आणि चौथीचं घड्याळ बघणं चालू होतं. मी म्हटलं, या खात का नाहीत? एक म्हणाली, "अजून चार मिनिटं आहेत, काका." रूमवर पहाटेचा अलार्मही हीच लावते म्हणे, कारण चौथीला अलार्म ऐकूच येत नाही.

रोजेदार मित्राबरोबर दिवसा असाल तर "तुझ्यासमोर पाणी कसं पिऊ?" या विचारात पडू नका, खुशाल प्या. "पाणीसुद्धा चालत नाही?" हा प्रश्न मात्र दरवर्षी नव्यानं विचारायची गरज नाही, चालत नाही. रात्री यायचं असेल तर दहानंतर या. शाकाहारी असाल तर सरळ सांगा. इराणी चहा आहे, खुबानी का मीठा आहे, फळं आहेत. भज्यांचं तेल वेगळं आहे का, हे मालकाला विचारलं तर त्याला राग येत नाही. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची गर्दी इतकी होते की बसायला जागा मिळत नाही, तेव्हा गप्पांसाठी यायचं तर पहिल्या पंधरवड्यात. आणि हलीम खायचं असेल तर उशीर करू नका, साडेदहाला देगचा तळ दिसायला लागतो.