परक्याचें मूल आणि आपलें घर

आपल्या एकत्र कुटुंबांस परकें मूल कांहीं नवें नाहीं. मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांतून आत्येचा पोरका मुलगा, मामेबहिणीची मुलगी, वार लावून जेवणारा विद्यार्थी असें कोणी ना कोणी पंक्तीस असेच. त्यासाठीं कोणीं अर्ज केला नाहीं, आणि घर तपासावयास कोणी आलें नाहीं. म्हणूनच आज प्रतिपालक होऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांत सामाजिक कार्यकर्ती वही घेऊन येते, माजघरापासून न्हाणीघरापर्यंत सारें पाहते, तेव्हां वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. “पुण्य करावयास आम्ही निघालों, आणि परीक्षा आमचीच?” हा त्यांचा प्रश्न रास्त वाटतो खरा, पण त्याचें उत्तर त्याहून रास्त आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, प्रतिपालन म्हणजे दत्तविधान नव्हे. दत्तक मूल नांव व वारसा यांसह कायमचें आपलें होतें. प्रतिपालनांत तें कांहीं काळापुरतें सांभाळावयाचें असतें. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचें ४४ वें कलम याविषयींचें आहे. मुलाच्या हितास बाध येत नसेल तर त्याचे आईबाप त्याला भेटूं शकतात, आणि त्यांची स्थिति सुधारली म्हणजे मूल त्यांच्याकडे परत जातें. भावंडें शक्य तों एकत्र ठेवावीं, असेंही कायदा सांगतो.

या प्रश्नाची निकड लातूर जिल्ह्यास शिकवावी लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली. सुमारें ८००० माणसें दगडमातीच्या घरांखालीं गेलीं. मागें राहिलेल्या मुलांसाठीं नळदुर्ग येथें राष्ट्र सेवा दलाचें ‘आपलं घर’ उभें राहिलें. भारतीय जैन संघटनेनें सुमारें १२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. या कार्याचें ऋण मोठें आहे. तरीही संस्थेंत घंटेवर उठणें वेगळें, आणि कोणीतरी नांवानें हांक मारून उठविणें वेगळें. मुलास शक्य तों कुटुंबांतच वाढवावें, संस्था हा शेवटचा उपाय असावा, हें तत्त्व आजच्या कायद्यानेंही मान्य केलें आहे.

आतां समजा, नांदेडच्या वजिराबादेंतील एका घरानें अर्ज केला आहे. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विवाहित जोडप्याप्रमाणें एकटी व्यक्तीही प्रतिपालक होऊं शकते. मूल सहा वर्षांहून मोठें असतें. नोंदणी झाली कीं जिल्हा बाल संरक्षण कक्षाची कार्यकर्ती घरीं येते. प्रकृतीचा दाखला, उत्पन्न, राहण्याचा पुरावा, पोलिसांकडील पडताळणी हें सारें पाहिलें जातें. पण खरी परीक्षा कागदांची नव्हे. ती घरांतील प्रत्येकाशीं बोलते. नव्या भावंडाशीं खोली वांटून घेशील का, हें धाकट्यास विचारते. तें मूल सोंवळ्याच्या वेळीं स्वयंपाकघरांत शिरलें तर काय कराल, त्याच्या घरच्या जेवणाची त्याला आठवण झाली तर काय सांगाल, हें आजींसही विचारणें भाग असतें. कर्त्या पुरुषाचा होकार म्हणजे साऱ्या घराचा होकार, ही आपली जुनी समजूत येथें चालत नाहीं, आणि तें योग्यच आहे. कारण मुलाचा दिवस जातो तो बहुधा कर्त्या पुरुषाबरोबर नव्हे, इतरांबरोबर.

येथेंच त्या प्रश्नाचें उत्तर आहे. पूर्वीं आपल्या घराची तपासणी कोणी केली नाहीं, तशी त्या पोरक्या मुलाचीही विचारपूस कोणी केली नाहीं. पुष्कळ घरांत त्याला माया मिळाली. पण पुष्कळ घरांत तें आश्रितच राहिलें. दुधाचा शेवटचा पेला, जुनें धोतर, पहांटेचें पाणी भरणें हें त्याच्या वांट्यास आलें, आणि तक्रार करावयास त्याला दार नव्हतें. आज बाल कल्याण समितीच्या आदेशाविना मूल घरांत येत नाहीं, आणि आल्यावरही दरमहा समितीकडून पाहणी व्हावी, असा कायदा आहे. हयगय आढळल्यास मूल दुसऱ्या घरीं नेतां येतें. हें दार आतां त्याच्यासाठीं उघडें आहे. आपल्या अभिमानास त्यामुळें थोडी ठेंच लागली तरी हरकत नाहीं.

मिशन वात्सल्य योजनेखालीं अशा मुलामागें दरमहा ४००० रुपयांचें साह्य ठरविलें आहे. तें मुलाच्या पोषणासाठीं आहे, घराच्या मिळकतींत भर म्हणून नव्हे.

शेवटचा प्रश्न मात्र कोणत्याही वहींत मावणारा नाहीं. ज्या मुलाचें डोकें तापांत मांडीवर घेऊन आपण रात्र जागविली, त्याची आई एके दिवशीं बरी होऊन दारीं येईल. त्या वेळीं त्याची पिशवी भरून, हातावर दहीं घालून, “सुटींत ये हो” असें हंसत्या तोंडानें म्हणतां येईल काय? दत्तविधानांत आपण मूल घेतों. प्रतिपालनांत परत देण्यासाठीं घेतों. अर्जावर सही करण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एका संध्याकाळीं दिवेलागणीनंतर एकत्र बसून एवढ्याच प्रश्नाचा विचार करावा. उत्तर ‘होय’ आलें, तर कार्यकर्तीची वही पाहून कोणाच्याही कपाळास आठी पडावयाची नाहीं.