दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला ही दिवाळीच्या सुटीत माती, दगड, विटा आणि गोणपाट यांपासून बांधली जाणारी डोंगरी किल्ल्याची लहान प्रतिकृती होय. मुले ती घराच्या अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा इमारतीच्या आवारात उभारतात. महाराष्ट्रात, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात, ही प्रथा सर्वत्र आढळते. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांत तिला वेगळा संदर्भ आहे, कारण ज्या गडांच्या प्रतिकृती अन्यत्र चित्रांवरून केल्या जातात ते मूळ गड याच परिसरात आहेत.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

भोर आणि वेल्हे यांचा बहुतांश भाग बारा मावळांपैकी काही मावळांत मोडतो. गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, हिरडस मावळ आणि रोहिड खोरे ही त्यांची जुनी नावे आहेत. मावळातील रहिवासी तो मावळा. किल्ल्यावर मांडल्या जाणाऱ्या मातीच्या शिपायांना मुले ज्या नावाने ओळखतात, ते मुळात या खोऱ्यांतील माणसांचे नाव आहे. रोहिड खोऱ्यातील कारीचे कान्होजी जेधे आणि हिरडस मावळातील बाजीप्रभू देशपांडे ही या प्रदेशातील प्रसिद्ध नावे होत.

तोरणा व राजगड हे दोन्ही गड वेल्हे तालुक्यात असून एका डोंगरधारेने जोडलेले आहेत. भोर तालुक्यात रोहिडा ऊर्फ विचित्रगड आणि रायरेश्वराचे पठार आहे. महाराष्ट्र शासनाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत राजगड आहे.

बांधणी

किल्ल्याचा गाभा दगडविटांचा असतो. आधी विटा व मोठे दगड रचून डोंगराचा उंचसखल आकार साधतात. त्यावर ओले गोणपाट पसरून चिखलाचा लेप देतात. गोणपाटाचे धागे चिखलाला धरून ठेवतात, त्यामुळे उभ्या कड्यावरूनही तो घसरत नाही. निव्वळ काळी माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. म्हणून तीत तांबडी माती किंवा बारीक मुरूम मिसळतात. तटबंदी आणि बुरूज सर्वांत शेवटी, मळलेल्या घट्ट मातीने घडवले जातात. पायऱ्या काडीने कोरतात आणि दरवाजांना गेरूचा किंवा कावेचा हात देतात.

हिरवळीसाठी ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी पेरतात. कोंब दिसण्यास तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे वसुबारसेला किल्ला हिरवा दिसावा अशी इच्छा असेल, तर मातीकाम त्याआधी आटोपावे लागते. परतीचा पाऊस लांबला तर किल्ल्यावर प्लास्टिकचा कागद घालण्याची वेळ येते.

मूळ गडांची वैशिष्ट्ये

चांगली प्रतिकृती करण्यासाठी गडाची रचना समजावी लागते. राजगडाला मध्यभागी उंच बालेकिल्ला असून पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरल्या आहेत. प्रथम एकच शंकू उभा केला तर माच्यांना जागा उरत नाही. म्हणून पायाच तीन फाट्यांचा घ्यावा लागतो. सुवेळा माचीवरील खडकात आरपार छिद्र आहे. त्यास नेढे म्हणतात. संजीवनी माचीला दुहेरी, म्हणजे चिलखती तटबंदी आहे. बाहेरचा तट शत्रूच्या हाती गेला तरी आतला उभा राहावा, हा तिचा हेतू. दोन भिंतींमधील अरुंद वाट मातीत करताना तो ध्यानात येतो.

सुमारे १,४०० मीटर उंचीच्या तोरण्यावर झुंजार आणि बुधला या दोन माच्या आहेत. बुधला माचीचे नाव तेलाच्या उपड्या बुधल्यासारख्या दिसणाऱ्या सुळक्यावरून पडले आहे. रोहिड्याच्या वाटेवर एकामागून एक तीन दरवाजे लागतात. पहिला दरवाजा पडला म्हणजे गड पडला असे नव्हे, हे त्यावरून उमगते.

मांडणी व खेळ

किल्ला पूर्ण झाल्यावर त्यावर चित्रे मांडतात. मातीच्या या रंगीत बाहुल्यांना मुलांच्या बोलीत चित्रे हाच शब्द आहे. सिंहासनावर शिवाजी महाराज, दरवाजात पहारेकरी, बुरुजावर तोफा आणि पायथ्याशी गाव अशी मांडणी रूढ आहे. तीत प्रमाणाचा नियम पाळला जात नाही. महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्याहून उंच असू शकते, कारण येथे आकार मानावरून ठरतो. गुहेत वाघ, आरशाच्या तुकड्याचे तळे, पायथ्याच्या शेतात ट्रॅक्टर अशा गोष्टीही एकत्र नांदतात. मांडणीनंतर पहारे बदलतात, हल्ले होतात, गड पडतो आणि परत घेतला जातो. काही ठिकाणी अखेरच्या दिवशी किल्ला फटाक्यांनी उडवतात.

ठोकळ्यांच्या किल्ल्याशी तुलना

परस्परांत अडकणाऱ्या ठोकळ्यांचे किल्ले जगभर लोकप्रिय आहेत. डेन्मार्कमधील लेगो कंपनीने आपल्या ठोकळ्याच्या आजच्या रचनेचे पेटंट १९५८ मध्ये नोंदवले आणि १९७८ मध्ये मध्ययुगीन युरोपीय किल्ल्याचा संच बाजारात आणला. पुढे अशा संचांत ड्रॅगन आणि जादूगारही आले. रचणे, मांडणे, मोडणे आणि पुन्हा रचणे हा क्रम दोन्ही खेळांत सारखाच आहे. फरक साहित्यात आहे. ठोकळा नेमक्या मापाचा असतो आणि संचासोबत आराखडा मिळतो. मातीला माप नसते. उतार किती ठेवावा, पाणी किती घालावे हे हातालाच शिकावे लागते. शिवाय राजगडाचा आराखडा कागदावर नसला, तरी गड चढून तो पाहता येतो.

सद्यःस्थिती

शहरांत अंगण आणि माती दुर्मिळ झाल्याने प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले विकले जातात. अनेक संस्था आणि मंडळे किल्ला स्पर्धा भरवतात. त्यांत ठरावीक गडाच्या हुबेहूब प्रतिकृतीला महत्त्व येते. तयार किल्ल्यात मांडणीचा खेळ टिकतो, मात्र बांधणीतून होणारे गडाचे आकलन त्यात घडत नाही. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही. मातीचा किल्ला मोडल्यावर माती पुन्हा अंगणात मिसळते, विटा आणि दगड पुढील वर्षासाठी बाजूला ठेवले जातात.