माथा आधी पोचला, खबर नाही

२००० साली वर्तमानपत्रांना आइन्स्टाइनला निवृत्त करायची फारच घाई झाली होती. निमित्त होतं प्रिन्स्टनच्या एनईसी संशोधन संस्थेतल्या एका प्रयोगाचं. लिजून वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझियमची वाफ भरलेल्या ६ सेंटिमीटर लांबीच्या कुपीतून लेसरचा एक स्पंद पाठवला. निर्वातात एवढं अंतर कापायला प्रकाशाला ०.२ नॅनोसेकंद लागतो. या स्पंदाचा माथा मात्र निर्वातातून गेलेल्या स्पंदापेक्षा ६२ नॅनोसेकंद आधी बाहेर पडला. हिशेब मांडला, तर माथा आत शिरण्याआधीच बाहेर आला होता!

प्रयोग खरा होता. मथळे मात्र चुकले, कारण ‘स्पंदाचा वेग’ या दोन शब्दांत किती भानगडी दडल्या आहेत हे कुणी विचारलंच नाही.

प्रकाशाचा स्पंद म्हणजे एकच लाट नव्हे. जवळजवळच्या वारंवारितेच्या असंख्य लाटा जिथे एकमेकींना साथ देतात, तिथे स्पंदाचा माथा दिसतो. निर्वातात या सगळ्या लाटा सारख्याच वेगाने जातात. काचेत निळी लाट तांबडीपेक्षा मागे पडते. शाळेत आपण त्याला अपस्करण म्हणतो. लाटा अशा मागेपुढे झाल्या की त्यांची जुळण्याची जागाही हलते. या जागेचा वेग तो समूहवेग. तो नुसत्या अपवर्तनांकावर ठरत नाही, वारंवारितेबरोबर अपवर्तनांक किती झपाट्याने चढतो वा उतरतो यावर ठरतो.

शोषण इथेच मधे येतं. पदार्थातले अणू ठरावीक वारंवारितेचा प्रकाश गिळतात आणि नेमक्या त्या पट्ट्यात अपवर्तनांकाचा उतार उलटा होतो. हा योगायोग नाही. परिणाम कारणाच्या आधी घडत नाही एवढं एकच तत्त्व धरून क्रोनिग (१९२६) आणि क्रामर्स (१९२७) यांनी दाखवलं, की शोषणाचा आलेख हाती असेल तर अपवर्तनांकाचा आलेख त्यावरून काढता येतो. शोषणाशिवाय अपस्करण मिळत नाही. उतार पुरेसा उलटा असेल तर समूहवेग प्रकाशवेगापेक्षा जास्त भरतो, प्रसंगी ऋणही.

समूहवेग प्रकाशवेग ओलांडतो म्हणजे सापेक्षता मोडली, हा आक्षेप जुनाच. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९०७ मध्ये त्याला उत्तर दिलं आणि १९१४ मध्ये लेओं ब्रिलुआं यांच्यासह सविस्तर गणित मांडलं. त्यांची युक्ती साधी आणि मला तरी फार देखणी वाटते. त्यांनी माथ्याकडे पाहायचं सोडून दिलं आणि स्पंदाची अगदी पहिली कड पाहिली, जिच्याआधी संपूर्ण अंधार असतो. ही कड येते तेव्हा पदार्थातले इलेक्ट्रॉन स्वस्थ असतात. त्यांना हलायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून त्या क्षणापुरता पदार्थ जणू नसतोच. कड निर्वातातल्या प्रकाशवेगाने जाते. कणभर जास्त नाही, कमी नाही. तिच्यामागून येणाऱ्या क्षीण थरथरीला अग्रदूत म्हणतात.

मग माथा पुढे कसा जातो? १९७० मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या गॅरेट आणि मॅकम्बर यांनी कागदावर दाखवलं, की शोषक पदार्थातून गेलेला गुळगुळीत स्पंद आपला आकार बराचसा टिकवून, पण पुढे सरकून बाहेर येऊ शकतो. १९८२ मध्ये स्टीव्हन चू (पुढे नोबेल मिळवणारे आणि अमेरिकेचे ऊर्जामंत्री झालेले) आणि वाँग यांनी नायट्रोजनयुक्त गॅलियम फॉस्फाइडमध्ये ते मोजून पाहिलं. स्पंदाचा पुढचा भाग आत येतो तेव्हा अणू अजून पुरते झुलायला लागलेले नसतात. मागचा भाग येईपर्यंत ते लयीत येतात आणि त्याला जास्त गिळतात. दिंडीतले मागचे वारकरी वाटेत विसाव्याला थांबले, तर दिंडीचा मध्य पुढे सरकतो. पाऊल कुणीही भरभर टाकलेलं नसतं.

प्रिन्स्टनच्या लिजून वांग यांनी शोषणाऐवजी वर्धन करणाऱ्या दोन रेषांमधली जागा वापरली, त्यामुळे स्पंद क्षीण न होता बाहेर आला. पण त्या स्पंदाची रुंदी होती ३.७ मायक्रोसेकंद. ६२ नॅनोसेकंदांची आघाडी म्हणजे रुंदीच्या दोन टक्क्यांहूनही कमी! स्पंदाची पुढची निमुळती बाजू कधीच कुपीत शिरलेली होती आणि बाहेरचा माथा तिच्यातूनच घडला. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठात स्टेनर, गोथिए आणि नाइफेल्ड यांनी स्पंदाचा आकार अचानक बदलून माहिती पाठवून पाहिली. माथा आधी आला, पण माहितीने प्रकाशवेग ओलांडला नाही.

उतार दुसऱ्या दिशेला तीव्र केला की उलट घडतं. १९९९ मध्ये लेने हाउ यांच्या गटाने अतिशीत सोडियमच्या ढगात प्रकाश सेकंदाला १७ मीटरवर आणला, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. एरवी प्रकाश गिळणारे ते अणू दुसऱ्या लेसरच्या जोरावर पारदर्शक केलेले होते.

दूरसंचाराच्या अभियंत्याला या गमतींचं अप्रूप नसतं. त्याचं दुखणं निराळं. काचतंतूत सर्वांत कमी ऱ्हास होतो १५५० नॅनोमीटरला, किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल. पण साध्या तंतूचं अपस्करण शून्य होतं १३१० च्या आसपास. कमी ऱ्हासाची जागा निवडली, तर ०.१ नॅनोमीटर रुंदीच्या वर्णपटाचा स्पंद १०० किलोमीटरमध्ये सुमारे १७० पिकोसेकंद पसरतो. सेकंदाला १० गिगाबिटच्या वाहतुकीत एका बिटच्या वाट्याला १०० पिकोसेकंदच येतात. शेजारचे बिट एकमेकांत मिसळतात. म्हणून उलट अपस्करणाचा तंतू जोडायचा किंवा संगणकाने ते निस्तरायचं.

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिथे स्पंदकांची (पल्सारांची) निरीक्षणं करणाऱ्यांचं काम या पसरण्याशीच पडतं. रेडिओलहरीही प्रकाशच, आणि ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून येताना कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात. खेकडा तेजोमेघातला स्पंदक दर ३३ मिलिसेकंदांनी स्पंद धाडतो, पण १४०० मेगाहर्ट्झचा स्पंद आल्यावर त्याचाच ४०० मेगाहर्ट्झचा भाग सव्वा सेकंदाहून जास्त उशिरा येतो. मधल्या काळात चाळीसेक नवे स्पंद येऊन गेलेले असतात. हा उशीर वारंवारितेगणिक मागे घेऊन स्पंद पुन्हा जुळवावा लागतो, आणि तो जुळवताना वाटेत किती इलेक्ट्रॉन लागले तेही कळतं.