आर्चीच्या आईचा फोन

बचत गटाची बैठक म्हटली की हिशोब, पासबुक, ठरावाचं रजिस्टर, कुणाचा हप्ता थकला, हे सगळं ओघानं आलंच. पण खरी बैठक सुरू होते ती रजिस्टर मिटल्यावर. चहाचं आधण चढतं आणि कुणीतरी विचारतं, "काय गं, तो नवा पिच्चर बघितला का?"

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या चार-पाच गटांत माझं जाणं-येणं असतं. तालुक्याचं थेटर कधीच बंद पडलं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. सिनेमा बघायचा तर वडाप करून लांब जायचं. तरीही मतं मात्र प्रत्येकीची तयार! २०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा आम्ही तेरा जणी नऊवारी नेसून, डोळ्यांवर गॉगल लावून गेलो होतो. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू परत येताना म्हणाल्या, "१९९१ साली 'माहेरची साडी' बघताना दोन रुमाल भिजले होते, आज हसून पोट दुखलं. बायकांचं बरं चाललंय म्हणायचं!"

२०२५च्या मार्चमधली बैठक मला नेमकी आठवते. 'छावा' फेब्रुवारीत लागला होता, त्याचीच चर्चा. एकीला विकी कौशल आवडला, दुसरीला शेवट बघवला नाही म्हणून ती पदर डोळ्यांवर धरून बसली होती. शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं म्हणणं, येसूबाईंना अजून वाव द्यायला हवा होता. (मलाही तसंच वाटलं.) तेवढ्यात एकीनं बातमी दिली, 'सैराट' पुन्हा थेटरात लागतोय.

'सैराट' म्हणजे आमच्या घरचंच कार्य. शूटिंग करमाळ्याकडचं, रिंकू राजगुरू अकलूजची. २०१६ साली लग्नाच्या वरातीत 'झिंगाट' वाजलं नाही असं गाव नव्हतं. मग काय, मतांचा पाऊस सुरू झाला. "बुलेटवर काय दिसते पोरगी!" "पहिला भाग छान, शेवट नसता दाखवला तर बरं." एक जाऊबाई म्हणाल्या, "अहो, पोरीनं आईबापाचं नाक कापल्यावर दुसरं काय होणार?" आणि मी, समाजकार्य करणारी, बी.ए. झालेली बाई, काय बोलले असेन? "चूक आईचीच. आईनं आधी लक्ष दिलं असतं तर ही वेळच आली नसती."

कोपऱ्यात एक बाई कपबशा विसळत होती. (तिला विचारून लिहितेय. गट कुठला ते सांगत नाही, ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत.) ती सिनेमावर कधी बोलत नाही. त्या दिवशी हात थांबवून म्हणाली, "आईनं फोन घेतला, तिथंच घात झाला."

सिनेमा आठवून बघा. आर्ची आणि परशा हैदराबादला संसार थाटतात, मूल होतं. काही वर्षांनी आर्ची आईला फोन करते. मग एक दिवस भाऊ माणसं घेऊन दारात येतो, आईनं पाठवलेल्या वस्तू हातात. पोरगी हरखून चहा टाकते. पुढचं सांगायला नको. आम्ही सगळ्या आर्चीबद्दल, परशाबद्दल, प्रिन्सबद्दल बोललो होतो. त्या आईनं लेकीचा आवाज ऐकून काय केलं असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बैठक पांगल्यावर ती माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली. तिच्या मुलीनं मनानं लग्न केलंय, जातीबाहेर. घरात नाव काढायचं नाही. मुलगी महिन्यातून एकदा हिला फोन करते, तोही गटाच्या बैठकीच्या दिवशी, कारण त्याच दिवशी ही घराबाहेर असते. नातू झालाय. "बाळ कुणासारखं दिसतं ते विचारते ताई, पण गाव विचारत नाही. पत्ता मला ठाऊकच नसला तर माझ्या तोंडून कोण काढून घेणार?"

मला काय बोलावं सुचेना. मी आपली माहिती सांगू लागले. २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करायला सांगितलंय, धमकी आली तर ११२ला फोन लावायचा, महिलांसाठी १८१ आहे. तिनं ऐकून घेतलं, दोन्ही नंबर पदराच्या टोकाला गाठ मारावी तसे पाठ केले. मग म्हणाली, "लेकीला सांगते. पण ताई, तुम्ही मघाशी म्हणालात ना, चूक आईची…" मी तिथल्या तिथं माफी मागितली. ती म्हणाली, "तसं नव्हे. मलाही रोज रात्री तेच वाटतं."

'सैराट' बघायला आम्ही गेलो नाही. कुणी कारण विचारलं नाही. वडाप करायचा विषय मागे पडला एवढंच.

जुलैतली बैठक एका घरच्या आतल्या खोलीत होती. बाहेर ओसरीवर पुरुषमंडळी बसलेली, त्यांत तिच्या भावकीतलाही एक होता. आत २०२६च्या दिवाळीसाठी जाहीर झालेल्या 'रामायणा'ची पहिली झलक मोबाईलवर फिरत होती. "रणबीर राम शोभेल का?" यावर नुसता कल्ला. काकू ठाम होत्या, राम म्हणजे अरुण गोविल, बाकी सगळे नाटकातले. साई पल्लवी सीता म्हणून चालेल, यावर मात्र एकमत झालं, कारण ती फार रंगरंगोटी करत नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठून परसदारी गेली. परसातलं बोलणं ओसरीपर्यंत ऐकू येतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. क्षणभर सगळ्या गप्प. मग त्या जाऊबाई, नाक कापल्याचं बोलणाऱ्या, एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, आणि रावण कोण, तो केजीएफवाला यश ना? मग रावणच भाव खाऊन जाणार बघा!"

"छे, छे!" काकूंनी त्यांच्या वरचा आवाज लावला. शिवणकामवाल्या वहिनी भांडायलाच उठल्या. मीही घसा ताणून रणबीरची बाजू घेतली, खरं तर तो मला मुळीच आवडत नाही. ओसरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय बायकांनो, पिच्चरवरून मारामारी करता का काय?"

ती परत आली तेव्हा आम्ही हनुमानाच्या शेपटीपर्यंत पोचलो होतो. तिनं चहाचा कप उचलला आणि हळूच म्हणाली, "दात आलेत दोन."